कापडाचं दुसरं टोक

पोर्तो,
रविवार, ७ सप्टेंबर १९९७

प्रिय मीना,

तुझं पाकीट गुरुवारी पोचलं. छत्तीस फोटो आणि सोबत चार ओळी. मी बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, त्या मनोऱ्याच्या सव्वादोनशे पायऱ्या तू मला चढायला लावल्यास तेव्हापासून जरा जास्तच. मांजरीला चार पिल्लं झाली, त्यातली दोन शेजारच्या ग्रासिंदाने नेली. तिच्या दोरीवरच्या चड्ड्यांचा तुझ्या सासूबाईंनी काढलेला फोटो मी तिला दाखवलेला नाही. फोटो छान आलाय, पण चड्ड्या तिच्या आहेत.

आता त्या चार ओळी. ‘इदाताई, किती सुंदर सहल झाली! पास्काल अजून ऑफिसात पोर्तोचं कौतुक सांगतो. आणि आईचंही काम मार्गी लागलं, डोक्यावरचं ओझं उतरलं. फोटो बघ आणि हस.’

फोटो बघितले. हसू आलं नाही. आले ते शब्द इतके वाईट होते, की तीन दिवस पेनला हात लावला नाही. फोनवर मला हे बोलता येत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि तू रडलीस की मी गप्प बसते. लहानपणापासून आपलं हेच चालत आलंय. म्हणून लिहिते. यातलं अर्धं तुला लागेल. लागू दे.

पहिल्या दिवशी स्टेशन दाखवलं. त्या निळ्या फरशांच्या भिंतींसमोर परदेशी माणसं आ वासून उभी राहतात. तुझ्या सासूबाई मान वर करून म्हणाल्या, “सुंदर आहे हो, पण न्हाणीघरात उभं असल्यासारखं वाटतं.” आणि तू हसलीस. मीना, मला फ्रेंच बोलता येत नसलं तरी कळतं. नदीपलीकडच्या वाइनच्या कोठारात अकरा वर्षं मी फ्रेंच पाहुण्यांचे पेले धुतलेत. चार दिवस तुम्ही माझ्या डोक्यावरून जे जे बोललात ते सगळं माझ्या डोक्यात आहे.

दुपारी मी आतड्यांचा रस्सा केला होता, घेवड्याच्या दाण्यांचा, आईच्या हातचा असायचा तसा. आदल्या दिवसापासून राबत होते. सासूबाईंनी रुमाल नाकाला लावला. तू लगेच म्हणालीस, “ताई, त्यांना आम्लेट कर ना पटकन.” लियोंमध्ये आतडी खात नाहीत का? खातात. पास्कालनेच मला सांगितलं, त्यांच्या गावचा तो मानाचा पदार्थ आहे म्हणे. म्हणजे फ्रेंच नाव दिलं की आतड्यांचा वास जातो. पास्काल दोनदा मागून जेवला, तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते. तो माणूस वाईट नाही. त्याला काही सांगितलंच नाही तर तो काय करणार?

कारण तू त्याला काहीच सांगितलेलं नाहीस. हे मला मनोऱ्यावर कळलं. वर वारा होता, सगळं शहर पायाखाली. तू बोटाने दाखवत होतीस: हे कॅथेड्रल, तो लोखंडी पूल, ती कोठारं. पास्कालने विचारलं, “आणि तुमचं घर?” तू म्हणालीस, “इथून दिसत नाही.” दिसतं, मीना. पुलाच्या डावीकडे, कड्यावर, तांबड्या छपरांची ती रांग. एका खोलीत आपण चौघं जिथे झोपत होतो ते छप्पर माझ्या खोलीच्या खिडकीइतकं स्वच्छ दिसत होतं. मी बोट उचललं होतं. तू माझा हात धरून खाली दाबलास. तुला वाटलं असेल मला कळलं नाही.

आणि मग सोमवार. सोमवारचं लिहिताना पेन कागदात रुततंय. म्हातारपण नाही, संताप आहे.

फोंताइन्यासला, आपल्या लहानपणच्या वस्तीत, यायलाच नको म्हणत होतीस. गेल्या वर्षी आपल्या या जुन्या गावाला जगाचा वारसा ठरवलं आणि फ्रेंच मासिकात चित्रं आली, म्हणून पास्काल हट्टाला पेटला, की त्याला ‘खरी वस्ती’ बघायचीय. आलात. कड्याखालच्या धुण्याच्या हौदापाशी थांबलात. पास्काल म्हणाला, “हे काय आहे?”

तू म्हणालीस, “जुना हौद. पूर्वी गरीब लोक इथे कपडे धुवायचे.”

पूर्वी! तुझ्यासमोर चार बायका कोपरापर्यंत साबणात होत्या. त्यातल्या ग्रासिंदाने मान वर केली, तुला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस. ओले हात पुशीत ती धावत आली. “अगं, ही अल्झिराची धाकटी ना? मीना! किती गोरी झालीस गं! ओळखलंस का मला? तुला कडेवर घेऊन हिंडलेय मी!”

आणि तू म्हणालीस, “बोन्जूर, मादाम.”

मी तिथे होते. मी ऐकलं. ग्रासिंदा माझ्याकडे बघायला लागली, मी हौदाकडे. ज्या दगडावर कपडे आपटून आपल्या आईची कंबर मोडली, त्या दगडासमोर तुझ्या तोंडातून आपली भाषा निघेना. ग्रासिंदा बिचारी मला नंतर म्हणाली, “माझीच चूक झाली, दुसरीच कोणी बाई असेल.” मी म्हटलं, “हो, दुसरीच होती.”

त्यावर तू मला तिसऱ्या गल्लीत गाठून काय म्हणालीस? “ताई, सासूबाईंसमोर कसं दिसलं असतं? तुला नाही कळायचं.” अगं, मला नाही कळायचं! मला कळतं म्हणून तर दात दुखेपर्यंत आवळून चालले होते.

तरी मी गप्प बसले, कारण मंगळवार यायचा होता. मंगळवारी सगळं धुऊन निघेल असं मी धरून चालले होते.

मार्चमध्ये आईला जाऊन पाच वर्षं झाली. पाच वर्षांनी दफनभूमीवाले माती परत मागतात हे तुला ठाऊक आहे. जागा दुसऱ्याला द्यायची असते, आपल्या माणसाची हाडं उचलून पेटीत ठेवायची, पेटी भिंतीतल्या कोनाड्यात. बाबांच्या कोनाड्यात आईपुरती जागा तिने स्वतः राखून ठेवली होती. मी तुला एप्रिलमध्ये कळवलं. तू लिहिलंस, ऑगस्टमध्ये ठेव, मी येते. खड्डे खोदणाऱ्या झेफेरिनोच्या मी हातापाया पडले. तो म्हणाला, “इदालिनाबाई, ऑगस्टात सगळे फ्रान्सवाले येतात, सगळ्यांनाच तेव्हा आई आठवते.” तरी त्याने दिली तारीख. एकोणीस ऑगस्ट, सकाळी नऊ.

हाडं ज्यात उचलून घ्यायची ते कापड मी उन्हात घालून ठेवलं होतं. आईने शिवलेलं, कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढऱ्याने ‘अ’ काढलेला. बाबांसाठी एक आणि स्वतःसाठी एक, अशी दोन तिने एकाच हिवाळ्यात शिवली होती. बाबांच्या वेळी तू सतरा वर्षांची होतीस. आपल्याकडे मुलींनीच धरायचं असतं, दोन कोपरे एकीने, दोन दुसरीने. तुझे हात लटलट कापत होते. मी डोळ्यांनी खूण केली, की खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. तू बघत राहिलीस. कापड जड होत गेलं तरी तू टोक सोडलं नाहीस. तेव्हा मला वाटलं होतं, ही पोरगी कुठेही गेली तरी माझीच आहे.

आणि त्या मंगळवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात धरून तू म्हणालीस, पास्कालने पुलांखालच्या सफरीची होडी ठरवलीय, दहाची. मी म्हटलं, “आणि नऊला?” तू मला दाराबाहेर नेलंस आणि हळूच म्हणालीस, “मला नाही गं बघवणार. माझ्या डोळ्यांसमोर आई जिवंत आहे तशीच राहू दे. तू आहेस ना.”

तू आहेस ना! बाबा खोकत होते तेव्हाही, तुला फ्रान्सला जायचं होतं तेव्हाही, आई चार वर्षं अंथरुणाला खिळली तेव्हाही. उंटावरून शेळ्या हाकायला लियोंहून तू होतीसच: ‘तिला मऊ खायला दे, कूस बदलत जा, डॉक्टर बदल.’ शेवटी नेहमी ते तीन शब्द. माझ्या थडग्यावर तेच कोरायचे आहेत का?

तू होडीत बसलीस. दुपारी जेवताना पोर्तुगीजमध्ये मला विचारलंस, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” “बाबांशेजारी?” “हो.” तू माझा हात दाबलास आणि सासूबाईंना मीठ दिलंस.

ते खोटं होतं.

सोमवार, सकाळ.

काल इथवर लिहून उठले. पत्र फाडायचा विचार होता. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय आपल्या दोघींनाही आहे. तुलाच बोल का लावू? पुढचं लिहिते.

पहिली गोष्ट. मी एकटी गेले नव्हते. ऑरेलीचं डोकं दुखत होतं म्हणून ती माझ्याकडे थांबली, असं तुला वाटतं. तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि तुझी लेक कोचावरून उठली, बूट घातले आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली, “मावशी, कापड दोघींनी धरतात. आईने सांगितलंय. आजोबांच्या वेळचं.” नवऱ्याला घराचं छप्पर दाखवत नाहीस, आणि पोरीला हे सांगतेस? कधी सांगितलंस? कसं सांगितलंस? ती म्हणाली, तू दरवर्षी सांगतेस, मृतांच्या दिवशी, मेणबत्ती लावून. आणि सांगताना तू तिच्या डोळ्यांत बघतेस म्हणे, खाली नाही.

तिच्यावर ओरडू नकोस. खोटं बोलायला मीच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट. झेफेरिनोने माती काढली, फळी उचलली, आत बघितलं आणि टोपी काढली. “नाही बाई,” तो म्हणाला, “अजून नाही.” ऑरेलीने कापडाचं टोक धरलेलं होतं, तिला कळेना. मला कळलं, कारण मला दिसला तो गुलाबी रंग. तुझा गाऊन, मीना. नायलॉनचा, आत कापूस भरलेला, शेवटच्या नाताळात तू पाठवलेला. पाच वर्षं जमिनीत राहून त्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता. त्याच्या आत आई अजून पुरती गेलेली नाही. अशा वेळी पुन्हा झाकतात आणि दोन वर्षं थांबतात. झेफेरिनोने झाकलं. कोनाड्यात बाबा एकटेच आहेत.

ग्रासिंदाच्या कानावर गेलं तर ती सांगत सुटेल, की ज्या आईची लेकरं भांडतात तिला माती घेत नाही. तू म्हणशील, चूक माझी, गाऊन मी पाठवला, ‘तिला त्यातच ठेव’ असं फोनवर रडत मीच म्हणाले. म्हणू नकोस. तुला कुठून माहीत असणार? लियोंमध्ये माणूस पुरला की पुरला.

मला माहीत होतं. ही तिसरी गोष्ट.

पुरायच्या आदल्या दिवशी झेफेरिनो स्वतः दारात येऊन सांगून गेला होता. “बाई, सुती घाला, लोकरीचं घाला, हवं तर नुसती चादर घाला. नायलॉन नको. माती ते खात नाही आणि त्याच्या आतलंही खाऊ देत नाही. मग पाच वर्षांनी तुम्हीच रडाल.” आईचा स्वतःचा सुती पोशाख इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता. मी दोन्हींकडे बघितलं आणि तुझा गाऊन उचलला. तुझ्यासाठी नाही, मीना. तुझ्या रडण्यासाठी तर नाहीच.

शेवटचं वर्षभर आई मला मीना म्हणत होती. मी तिची कूस बदलायची, ती म्हणायची, “मीना, हात गार आहेत गं तुझे.” मी घास भरवायची, ती म्हणायची, “मीना आली, आता ठीक आहे.” सुरुवातीला मी सांगायची, आई, मी इदा. ती रागाने बघायची, ही कोण मधेच, म्हणून. मग सांगणं सोडलं. तो गाऊन आला तेव्हापासून तर ती बाही गालाला लावून बसायची. चार वर्षं माझे हात, आणि गाल त्या बाहीला. ती गेली तेव्हाही नाव तुझंच घेत गेली. मी उत्तर दिलं, “हो आई, मी आलेय.” तुझ्या वतीने. आणि दुसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालून तो गाऊन चढवताना मी मोठ्याने म्हणाले, “घे. तिलाच घेऊन जा.”

झेफेरिनोचं बोलणं तेव्हा कानात वाजत होतं. तरी बटणं लावली. एकूण सात.

तेव्हा मी काय केलं ते मला पाच वर्षं माहीत होतं, आणि पाच वर्षं मी तुझ्यावर चिडत राहिले, कारण ते सोपं होतं. आता हेही लिहिते, की चिडले होते ते सगळं खोटं नव्हतं. ‘बोन्जूर, मादाम’ मी मरेपर्यंत विसरणार नाही. ग्रासिंदाची माफी तुला मागावीच लागेल, आपल्या भाषेत, त्या हौदापाशी. त्यात सूट नाही.

पण ऑरेली. झेफेरिनो माती लोटत होता आणि ती एकदम म्हणाली, “हा गाऊन आईकडेही आहे.”

मी म्हटलं, “असाच?”

“हाच. गुलाबी. दोन घेतले होते, एक आजीला, एक स्वतःला. कोपरांवर फाटलाय, बाबा म्हणतात टाकून दे. ती रोज सकाळी तोच घालून कॉफी पिते. कोणालाही त्या वेळी बोलू देत नाही.”

मी तिथल्या ओल्या मातीत खाली बसले. माझ्या डोक्यात तो गाऊन म्हणजे सेलमधली उरलीसुरली वस्तू होती, पोस्टाने उरकलेलं कर्तव्य. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. दोघी मिळून थोबाडीत मारण्यासारख्या आहोत.

नंतर आम्ही दोघी दफनभूमीच्या कठड्यापाशी गेलो, नदीच्या बाजूला. खालून होडी जात होती. ऑरेली म्हणाली, “ती बघ आई, पांढरी टोपी.” सगळे पुलाकडे बघत होते, पास्कालचा कॅमेराही पुलाकडे. तू एकटी वर बघत होतीस. आमच्याकडे नाही, एवढ्या लांबून आम्ही काय दिसणार. पण तो कडा, ती भिंत, ते सुरूचे शेंडे, त्यांच्याकडे. पुलाखालून जाईपर्यंत तू मान खाली केली नाहीस. पाकिटातला एकविसावा फोटो काढ. भिंग घे. भिंतीवर उजवीकडे दोन ठिपके आहेत, त्यांतला एक पांढरा. तो पांढरा म्हणजे कापड, तुझ्या लेकीच्या खांद्यावर.

तेव्हा खालून तू काय बघत होतीस, हे मला विचारायचंय. पण पत्रात नको.

आता कामाचं. झेफेरिनोने पुढची तारीख आताच लिहून घेतलीय: मंगळवार, २४ ऑगस्ट १९९९, सकाळी नऊ. होडी दुपारीही असते. पास्कालला घेऊन ये, त्याला छप्पर मी दाखवीन. सासूबाईंनाही आण, आम्लेट करीन. ऑरेलीला तर आणच.

या पत्रासोबतच्या पुडक्यात आईचं कापड आहे. धुऊन, इस्त्री करून पाठवतेय. ऑरेलीने धरलं तेवढं सोडलं तर हे मी आजवर कोणाच्या हाती दिलेलं नाही. दोन वर्षं तुझ्या कपाटात राहू दे. टेबलावर घालू नकोस, सासूबाईंना दाखवू नकोस, कोणी विचारलं तर मात्र सांग काय आहे ते. मुद्दाम पाठवतेय, म्हणजे तुझ्याशिवाय आईला उचलताच येणार नाही. ‘तू आहेस ना’ आता चालणार नाही, कारण माझ्याकडे कापडच नाही.

कापशील. मीही कापेन या वेळी. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. दुसरं टोक धरायला मी इथेच आहे,

तुझी ताई इदालिना,
जिला आई वर्षभर मीना म्हणत होती